साथीदाराची नजर

संगीत नाटकात ऑर्गनवर साथ करणाऱ्याची दृष्टी नटाच्या मुद्रेपेक्षा त्याच्या खांद्यांवर अधिक खिळलेली असते. कारण गायक श्वास भरून घेतो त्याच क्षणी पुढील तान कोठवर जाणार याचा अंदाज साथीदारास बांधावा लागतो, आणि तो चुकला की ऑर्गनचा सूर गाण्यामागे फरपटत येतो. आमच्या शहरातील संत एकनाथ रंगमंदिरात रंगमंचाच्या पायथ्याशी बसून ही चाकरी केलेल्या मला, १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या 'कट्यार काळजात घुसली'चा २०१५ सालचा चित्रपट याच शहरातील चित्रगृहात पाहताना प्रथम जाणवली ती श्वासाची आणि देहाची फारकत. चित्रपटातील खाँसाहेबांची मुद्रा सचिन पिळगावकरांची, गाणे बव्हंशी राहुल देशपांडे यांचे. सदाशिव झालेले सुबोध भावे, कंठ महेश काळे यांचा. गाणे उत्कृष्ट, अभिनयही मनःपूर्वक. तरीही माझे डोळे खांद्यांकडे जात आणि तेथे तानेची वर्दी मिळत नसे. पंडित भानुशंकरांच्या भूमिकेत शंकर महादेवन स्वतःच्याच स्वरात गाऊ लागले तेव्हा मात्र, ध्वनिमुद्रण आधी झालेले असूनही, तो देह आपले गाणे ओळखत होता, आणि माझी बोटे खुर्चीच्या हातावर आपोआप स्वर धरू लागली.

पडद्याने दिले तेही थोडे नव्हे. पायथ्याशी बसणाऱ्यास गायक सदैव खालून आणि तिरकाच दिसतो. आर्जवाच्या जागेवर भुवयांत उमटणारे सूक्ष्म कंपन मी येथेच प्रथम समोरून पाहिले.

परंतु 'वन्स मोअर'चे काय? चित्रगृहात टाळ्या पडल्या, कोणी मोठ्याने दादही दिली, पण गाणे मुकरर मिनिटांतच संपले. पडद्याची ही अडचण जुनीच आहे. १९३७ साली बाबूराव पेंटरांनी बालगंधर्वांचे 'अमृतसिद्धी' हे नाटक 'साध्वी मीराबाई' या नावाने चित्रित केले. ज्यांचे पद प्रत्येक 'वन्स मोअर'ला निराळ्या वळणाने फुलत असे, त्या गायकाला एकाच गायनाच्या दस्तऐवजात बांधून घालणे मला आजही अन्यायाचे वाटते.

म्हणून संगीत नाटकाचे प्रयोग चित्रित करून चित्रगृहांत दाखवू इच्छिणाऱ्यांस माझा अर्ज आहे: एक कॅमेरा साथीदारांच्या जागी ठेवावा, गाणे प्रयोग चालू असतानाच नटाच्या कंठातून मुद्रित करावे, आणि श्रोत्यांनी मागितलेले 'वन्स मोअर', चित्रपटाची लांबी कितीही वाढो, एकही कापू नये.