मूठभर बियाण्याचा ऋणानुबंध

मैत्री जुळण्यास काही निमित्त लागते. कोणास ते संगीताचे मिळते, कोणास प्रवासाचे. आम्हा सात-आठ कुटुंबांस ते कुंडीतील मातीने दिले. आमच्यापैकी काही जण या शाळेचे माजी विद्यार्थी, काहींची मुले येथे शिकली, तर काही केवळ शेजारी. शहरात आल्यावर शेती सुटली, परंतु मातीत हात घालण्याची ओढ सुटली नाही. गच्चीवर, गॅलरीत आणि इमारतीमागील दोन हात जागेत ती पुन्हा रुजली.

आमचे वर्ष जूनमध्ये उजाडते. ७ जूनच्या सुमारास मृग नक्षत्र लागते आणि दोडका, कारले, दुधी यांचे बी मातीत पडते. कारल्याच्या बीचे कवच कठीण असते, म्हणून ते रात्रभर भिजत घालावे, असे ज्यास ठाऊक त्याने इतरांस सांगावे. आमची शिकवणी अशीच चालते. दुधीने तर आम्हांस एकमेकांच्या दारी नेले. या वेलावर नर फुले व मादी फुले निरनिराळी येतात; मादी फुलाच्या तळाशी इवलासा दुधी असतो. पांढरीशुभ्र फुले सायंकाळी उमलतात. शहरात परागीभवन करणारे कीटक कमी पडले, की कोवळी फळे पिवळी पडून गळतात. अशा वेळी नर फुलाचे पराग हातानेच मादी फुलास लावावे लागतात. एखाद्या घरी मादी फूल उमलते आणि नर फूल नसते. मग दिवेलागणीस दुसऱ्या घरचे कोणीतरी ओंजळीत फूल घेऊन चार जिने चढून येते. पुढे त्या दुधीवर दोन्ही घरांचा हक्क असतो!

हिवाळ्यात मेथी, पालक, मुळा आणि कोथिंबीर. धणे रगडून दोन फाकी करून पेरायचे, हे आता आमच्या मुलांनाही पाठ आहे. वालावर मावा आला, की निंबोळी अर्काची बाटली घरोघर फिरते. उन्हाळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन घालून ओल धरून ठेवावी लागते. मे महिन्यात कोणी गावी गेले, तर त्यांच्या कुंड्यांना पहाटे पाणी घालणे हे उरलेल्यांचे काम. याचे आभार कोणी मानत नाही. मानले तर राग येतो.

या स्नेहाची कसोटी एका वालाच्या वेलाने पाहिली. आमच्यातील वयाने ज्येष्ठ काकूंकडे त्यांच्या आईने माहेरी जपलेले गावरान वालाचे बी होते. दरवर्षी बियाण्यासाठी राखलेल्या शेंगा वाळवून, राखेत घोळवून त्या ठेवत. एका वर्षी अवकाळी पावसात वेलावरच्या शेंगा कुजल्या, आणि डब्यातले जुने बीही उगवले नाही. काकू काही बोलल्या नाहीत. पण आईची आठवण हातातून निसटल्याचे त्यांच्या मुद्रेवर दिसत होते. मात्र पूर्वी त्यांनीच तीन घरांत मूठमूठ बी वाटले होते. त्यांपैकी एका घरचा वेल तगला होता. वालाच्या फुलात बहुतांशी स्वपरागीभवन होते, त्यामुळे बियाण्याचे वाण टिकते. त्या वेलाच्या वीस बिया काकूंच्या हाती आल्या, तेव्हा त्यांनी त्या मोजल्या नाहीत, कपाळाला लावल्या. आता त्यांना गच्ची चढवत नाही. म्हणून आम्ही कुंड्याच त्यांच्या गॅलरीत नेऊन ठेवल्या आहेत.

अहिल्यानगर जिल्ह्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाण्यांच्या जतनासाठी २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कार्यापुढे आमची वीस बियांची गोष्ट फारच लहान. तरीही तिने आम्हांस एक गोष्ट शिकविली: जे बी एकाच घरात राहते ते एका पावसात नष्ट होऊ शकते; जे वाटले जाते ते कोठेतरी शिल्लक राहते.

स्मरणिकेच्या वाचकांना आमची एकच विनंती आहे. आपल्या घरी गावाकडचे एखादे बी असेल, तर या मृगापूर्वी त्यातले मूठभर शेजाऱ्यास द्यावे.