रिमोट, चावी आणि बिघाडाची मराठी

मराठीत ‘गॅरेज’ म्हटले की डोळ्यांसमोर उभे राहते ते ग्रीसने माखलेल्या हातांचे आणि उघड्या इंजिनांचे दुकान. मूळ फ्रेंच शब्दाच्या पोटात ‘आडोशाला ठेवणे’ हा अर्थ आहे. इंग्रजीत गाडी ठेवण्याची आणि दुरुस्त करण्याची अशा दोन्ही जागांना तो लागला. आपण मुख्यतः दुरुस्तीचा अर्थ उचलला. म्हणूनच आमच्या बेळगावात घराखाली गाडी ठेवतात त्या खोलीच्या दाराला कोणी गॅरेजचे दार म्हणत नाही, ते ‘शटर’. हल्ली ते मोटारीवर चालते आणि त्याची चावी म्हणजे खिशातला रिमोट.

कुलूप आपल्याकडे अरबीतून आले, चावी पोर्तुगीजांकडून, रिमोट इंग्रजीतून. यात लाज वाटण्याजोगे काही नाही. वस्तूचे नाव परके असले म्हणून भाषा उणी पडत नाही. वस्तू बिघडल्यावर तिच्याविषयी आपल्या भाषेत विचार करता येईनासा झाला, तर मात्र ती उणी पडते.

गेल्या पावसाळ्यात आमचा रिमोट बंद पडला, तेव्हा हा प्रश्न घरातच उभा राहिला. माहितीपत्रक बारीक अक्षरांतल्या इंग्रजीत. दिवसभर घरी एकट्या असतात त्या आमच्या मातोश्री; वय ऐंशीच्या पुढे, शिक्षण मराठी शाळेत. त्यांना रस्त्यावर येण्याची सोयीची वाट याच शटरमधून आहे. पायऱ्या त्यांना झेपत नाहीत.

बिघाड शोधणे हे उलटतपासणीसारखेच काम आहे: एका वेळी एकच प्रश्न, आणि उत्तर मिळाल्यावाचून पुढे जायचे नाही. पहिला प्रश्न, दोष कोणाकडे? भिंतीवरचे बटण दाबावे. शटर हलले तर मोटार निर्दोष. संशय रिमोटवर किंवा त्याचे ऐकणाऱ्या रिसीव्हरवर. न हलले तर आधी वीज पाहावी. दुसरा प्रश्न, घरातला दुसरा रिमोट चालतो का? तो चालत असेल तर रिसीव्हरही सुटला.

मग सेल. काही रिमोटांत १२ व्होल्टचा छोटा नळकांडी सेल असतो, काहींत ३ व्होल्टचा नाण्यासारखा. रिमोटवरचा दिवा लागतो एवढ्यावरून सेल ठीक आहे असे मानू नये. उतरलेल्या सेलवर दिवा मिणमिणतो, पण लहर शटरपर्यंत पोहोचत नाही. जवळ गेल्यावरच शटर ऐकू लागले, तर हीच खूण समजावी. पावसाळ्यात आतल्या पत्र्यांवर गंजही चढतो. तो कोरड्या कापडाने पुसावा. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून रिमोट पाहण्याची युक्ती इथे चालत नाही. टीव्हीचा रिमोट अदृश्य प्रकाश फेकतो, शटरचा रेडिओ लहरी. आपल्याकडे बहुधा ४३३.९२ मेगाहर्ट्झच्या. मोटारीजवळ नवा एलईडी दिवा बसवल्यावर पल्ला कमी झाला असेल, तर तो दिवा विझवून पाहावे. काही दिवे या लहरींत गोंगाट करतात.

आम्ही नवा सेल घातला, तरी शटर गप्प. तेव्हा आलेला मिस्त्री मातृभाषेने कन्नड, बोलला मात्र खणखणीत बेळगावी मराठीत: “वकीलसाहेब, रिमोट बिघडलेला नाही. मोटार त्याला विसरलीय. परत शिकवायला लागतंय बघा.” रिसीव्हरवरचे छोटे बटण त्याने दाबून धरले, दिवा लुकलुकताच रिमोट दाबला, आणि शटर वर गेले.

विसरणे, शिकवणे, ओळखणे. या तीन क्रियापदांत सारे यंत्र उलगडले. जुन्या रिमोटचा संकेत कायम एकच असे. चोराने तो टिपला की दार त्याचेच. पुष्कळ नव्या रिमोटांत दर दाबणीला संकेत बदलतो आणि दोन्ही बाजू मोजणी ठेवतात. दूर असताना बटण पुष्कळदा दाबले गेले, तर मोजणी जुळत नाही. अनेकदा जवळ येऊन लागोपाठ दोनदा दाबल्याने ती जुळते. नाही तर पुन्हा शिकवावे लागते.

त्याच संध्याकाळी आम्ही ठळक अक्षरांत पाच ओळी लिहून भिंतीवर चिकटवल्या:

१. आधी भिंतीवरचे बटण दाबा.
२. ते चालले तर रिमोटचा सेल बदला.
३. तरी शटर हलले नाही तर मिस्त्रीला सांगा, ‘परत शिकवायचे आहे.’
४. वीज गेली तर मोटारीचा स्विच बंद करून बाजूची साखळी ओढा.
५. हलत्या शटरखाली उभे राहू नका.

‘दूरनियंत्रक’ आम्ही लिहिला नाही. मातोश्री रिमोटच म्हणतात. महिन्याभराने एका दुपारी वीज गेली. त्यांनी शेजारणीला हाक मारली, चौथी ओळ वाचून दाखवली, आणि दोघींनी शटर वर घेतले.

आपण सभांत, ठरावांत, निवेदनांत मराठी जपतो. ते जपलेच पाहिजे. पण भाषा टिकते ती अडचणीच्या वेळी उपयोगी पडल्याने. पणजी, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, जेथे आपले घर असेल तेथील वाचकांना आमची विनंती एवढीच: घरातल्या एखाद्या यंत्रासाठी अशी चिठ्ठी मराठीत लिहावी, आणि घरातल्या सर्वांत वडील माणसाकडून ती वाचून घ्यावी.