लिंकची दलाली

मालेगावात दलाली हा कमीपणाचा धंदा नाही. यंत्रमागावर विणलेले कापड मागवाल्याकडून व्यापाऱ्याकडे जाते ते बहुधा दलालामार्फतच. ताके मोजले जातात, भाव ठरतो, दलालाचा हिस्सा ठरतो. काही वांधा झालाच, तर शुक्रवारी माग बंद असतात, नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर तिघेही एकमेकांना सापडतात. फिकहच्या किताबांतही दलालाच्या मेहनतान्याला मनाई नाही. माल हलाल हवा आणि मोबदला आधी ठरलेला हवा, एवढेच. आमचा एक माजी विद्यार्थी २०२१ साली असाच दलाल झाला. मात्र त्याच्याकडे ना ताका होता, ना गज. त्याच्याकडे होती एक लिंक.

ही लिंक ऑनलाइन पोकरची. तीवरून जो कोणी खेळायला येईल तो कायमचा याचा माणूस, आणि त्याच्या खेळावर याला ३० टक्के. कंपनी याला दलाल म्हणत नव्हती, ‘पार्टनर’ म्हणत होती. आम्हाला तेव्हाच हसू आले होते. शिरकतीत भागीदाराला वही बघता येते. याला महिन्याच्या पाच तारखेला एक आकडा बघता येत होता.

पोकरमध्ये कंपनी स्वतः पत्ते खेळत नाही. खेळणारे एकमेकांचे पैसे घेतात आणि कंपनी प्रत्येक डावातून आपला काप काढते. त्याला रेक म्हणतात. हजार रुपयांच्या डावात पाच टक्क्यांनी पन्नास रुपये. म्हणून हा आम्हाला म्हणायचा, “सर, कोई हारे, कोई जीते, अपना क्या? आपण फक्त मेज दाखवतो.” त्याच्या घरी यावर वाद झाला नव्हता असे नाही. अम्मी मैसिर म्हणाली, त्याने हुनर म्हटले. न्यायालयांचेही तेच चालले होते: गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ साली पोकरला कौशल्याचा खेळ मानायला नकार दिला, तर अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये तो कौशल्याचा म्हटला. न्यायाधीशांचे एकमत नाही, तिथे त्या मुलाला एकट्याला काय दोष देणार?

तो आमच्याकडे आला तो मात्र दीनाचा सवाल घेऊन नव्हे, हिशेब घेऊन. २०२४ च्या सुरुवातीची गोष्ट. करारनामा इंग्रजीत, बावीस पानांचा. आमची बी.एड. गणित आणि इंग्रजी या पद्धतींत झालेली, म्हणून वस्तीतले फॉर्म, नोटिसा, बँकेची पत्रे आमच्याच ओट्यावर येतात. हा करारनामाही आला.

त्याची तक्रार अशी, की माणसे वाढली, खेळ वाढला, पण पैसे तिपटीने घटले. आम्ही फळ्यावर मांडतो तसे मांडून पाहिले. समजा, त्याच्या माणसांनी महिन्यात एक लाख भरले आणि त्यांच्या खेळातून रेक निघाला चाळीस हजार. तीस टक्के म्हणजे बारा हजार. पण १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटीची रीत बदलली. आधी तो कंपनीच्या कापावर १८ टक्के होता, आता भरलेल्या सगळ्या रकमेवर २८ टक्के झाला. एका लाखात २१,८७५ रुपये कराचे. खेळणारे पळून जाऊ नयेत म्हणून कंपनीने तेवढा बोनस त्यांना परत दिला आणि तो बोनस ‘निव्वळ उत्पन्ना’तून वजा केला. राहिले १८,१२५. बँकेचा आणि इतर बक्षिसांचा खर्च म्हणून आणखी ३,१२५ गेले. उरले पंधरा हजार, त्याचे तीस टक्के साडेचार हजार, त्यातून पाच टक्के टीडीएस. हातात ४,२७५.

म्हणजे गिऱ्हाईक टिकवण्याचा खर्च याच्याही हिश्श्यातून, आणि तो किती करायचा हे ठरवणार कंपनी. करारातच लिहिले होते की, अटी केव्हाही बदलता येतील, आणि बदलल्यानंतर लिंक चालू ठेवणे हीच पार्टनरची संमती समजली जाईल. मोहल्ल्यातला मटक्याचे आकडे लिहिणारा निदान आपले कमिशन जागेवर कापून घेत असे.

हे दुखणे एकट्या मालेगावचे नाही. अमेरिकेत १५ एप्रिल २०११ रोजी सरकारने पोकरच्या सर्वांत मोठ्या कंपन्यांवर खटले भरले, तेव्हा कळले की फुल टिल्ट या कंपनीकडे जगभरच्या खेळाडूंचे सुमारे ३९ कोटी डॉलर देणे होते आणि बँकेत होते सुमारे ६ कोटी. तिकडचे लिंकवाले वर्षानुवर्षे फक्त पडद्यावरचा आकडा बघून खूश होते.

करारातले एक कलम आम्ही तीनदा वाचले. एका मेजावरचा रेक कोणत्या खेळाडूच्या नावे किती धरायचा, हे कंपनी ठरवील. आणि जो हरून पैसे सोडतो त्याच्या नावे जास्त, जो जिंकून काढून नेतो त्याच्या नावे कमी. ही युक्ती इथली नाही, युरोपातल्या काही पोकर नेटवर्कांनी २०१० नंतर ती आणली. आम्ही त्याला सोप्या भाषेत सांगितले, “बेटा, तुझी माणसे हरली तर तुला जास्त, जिंकली तर कमी.” ‘अपना क्या’ या त्याच्या बोलण्याला कंपनीच्या हिशेबनीसाने असे उत्तर देऊन ठेवले होते. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “तरी सर, जितके होतात तितके तरी द्यायला हवेत ना?”

हवेतच. सूरह अल-मुतफ्फिफीन मापात मारणाऱ्यांबद्दल आहे. माल कोणता होता हे विचारून तिचा अर्थ बदलत नाही. म्हणून अर्ज लिहायला आम्ही बसलो, आणि पुरावा म्हणून रोजचा तक्ता उघडला. त्यात नावे नसतात, नुसते क्रमांक. एका क्रमांकापुढे आठवडाभर शून्य आणि शुक्रवारी मोठा आकडा. पुढच्या शुक्रवारी पुन्हा. सलग सात शुक्रवार. याच क्रमांकाचा रेक कमी धरला, अशी त्याची मुख्य तक्रार होती.

“शुक्रवारीच का खेळतो हा?” आम्ही विचारले.

त्याने उत्तर दिले नाही. गावात शुक्रवारची सुटी कोणाला असते, हे दोघांनाही माहीत होते. मग त्याने सामील झाल्याची तारीख बघितली. ईदनंतरचा तिसरा दिवस. ईदच्या भेटीला तो खालाकडे गेला होता, तिथेच खालाजाद भावाच्या मोबाइलवर त्याने स्वतः लिंक टाकून दिली होती. भाऊ मागावर कामाला, आठवड्याची मजुरी. सात शुक्रवारांची बेरीज आम्ही केली नाही, त्याने केली.

अर्ज त्या दिवशी अर्धाच राहिला. दोन दिवसांनी तो आला आणि म्हणाला, तो क्रमांक सोडून बाकीचे लिहा. तसे लिहून दिले. कंपनीचे उत्तर आले चार ओळींचे: हिशेब करारानुसार आहे, कंपनीची नोंद अंतिम आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली आणि कंपन्यांनी पैशांचे खेळ बंद केले. पोकर, रमी, सगळे. कौशल्य की नशीब, हा भेद कायद्याने ठेवलाच नाही. अशा खेळाची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. हे आम्हाला बरे वाटले. याचे दोन महिन्यांचे कमिशन अडकले. जुन्या पत्त्यावर पाठवलेले ईमेल आता परत येते.

तो सध्या एका कापड दलालाकडे ताके मोजायला बसतो. पगार थोडा आहे, पण वही समोर असते. खालाजाद भावाला तो दर महिन्याला काही रक्कम देतो. कशाबद्दल, हे खालाला सांगितलेले नाही. तिला वाटते, उधारी फेडतोय.