चातुर्मासातले नेम

आषाढ शुद्ध नवमीला आमच्या वाईच्या घरात कांद्याची भजी, थालीपीठं, झुणका असं सगळं एकाच दिवशी व्हायचं. ही कांदेनवमी. दोन दिवसांनी एकादशी, तिथून कार्तिकीपर्यंत चातुर्मास, आणि कांदालसूण बंद. त्या रात्री भांडी आवरली की घरातल्या बायका आपापला नेम ठरवत. कुणी वांगं सोडी, कुणी मुक्यानं जेवे, कुणी शिवलीलामृताचा अकरावा अध्याय रोज वाची.

आजीनं गोपद्मं धरली होती. आंघोळ झाली की तुळशीपुढे रांगोळीनं गाईची तेहेतीस पावलं काढायची, चातुर्मासभर रोज, अशी पाच वर्षं. मोठ्या काकूनं त्याच साली लक्ष वाती घेतल्या. काकूच्या वाती डब्यात साठत. ती शेकड्याच्या जुड्या बांधायची, वहीत आकडा मांडायची, आणि श्रावण सरत आला तरी निम्म्याही झाल्या नाहीत म्हटल्यावर शेजारपाजारच्या बायका दुपारी कापूस घेऊन ओटीवर जमायच्या. तो उत्साह मला फार आवडायचा. आजीचं मात्र काहीच साठत नसे. वाईचा पाऊस, दुपारपर्यंत रांगोळी वाहून गेलेली असे. मग रोज कशाला काढतेस, असं मी विचारलं तर म्हणाली, "अगं, काढायची एवढंच ठरवलंय. ती राहिली पाहिजे असं कुठं ठरवलंय?"

पुढे नोकरी लागली आणि काकूची वही माझ्या वाट्याला आली. एप्रिलमध्ये वर्षाची उद्दिष्टं लिहायची, मार्चमध्ये ती तपासून घ्यायची. पीटर ड्रकरनं १९५४ साली व्यवस्थापनावरच्या आपल्या पुस्तकात उद्दिष्टं ठरवून काम करण्याची मांडणी केली आणि ही रीत जगभरच्या कचेऱ्यांत रुळत गेली. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. घराचं कर्ज मी त्याच शिस्तीनं फेडलं.

वडिलांना पार्किन्सन्स झाला तेव्हा मात्र या रीतीचा उपयोग संपला. हा आजार वाढतच जातो. औषधांनी लक्षणं काबूत राहतात, आजार मागे फिरत नाही. व्यायाम घेणाऱ्या बाई सुरुवातीला रोज इतकी पावलं चाला असं ठरवून द्यायच्या, आणि काही महिन्यांनी तो आकडा खाली आणावा लागे. बाबांना ते कळायचं. भिंतीवरचा तक्ता मी काढून टाकला. त्याऐवजी ठरवलं, दिवेलागणीला त्यांच्या शेजारी बसून मोठ्यानं वाचायचं. त्यातून काही साधायचं नव्हतं. कधी ते पहिल्याच बातमीला झोपी जात, कधी अग्रलेखावर माझ्याशी कडाडून वाद घालत. दोन्ही दिवशी नेम पुरा होई.

वर्तमानपत्र संपलं की त्यांच्या कपाटातलं 'मंगल प्रभात' निघायचं. मिठाच्या सत्याग्रहात पकडलेले गांधीजी १९३० साली येरवड्याच्या तुरुंगात होते. तिथून दर मंगळवारी त्यांनी साबरमती आश्रमाला व्रतांविषयी पत्रं लिहिली, ती ही. सत्य, अहिंसा, अस्वाद, अस्तेय. स्वदेशीवरचं प्रकरण मात्र त्यांनी सुटकेनंतर लिहिलं, कारण त्यात राजकारण आल्यावाचून राहिलं नसतं आणि तुरुंगात ते पथ्य त्यांना पाळायचं होतं. बाबा इथे हात वर करून मला थांबवायचे. हळूहळू मलाही दिसू लागलं, की स्वराज्यासाठी बाहेर काही करण्याची वाट सरकारनं या माणसाला बंद केली होती. पहाटे उठून प्रार्थनेला बसण्याची, सूत कातण्याची, खरं बोलण्याची वाट कुणाला बंद करता आली नाही.

चांगलं वागायचं, शांत राहायचं, याला मी नेम म्हणत नाही. आजीच्या गोपद्मांना वेळ होती, जागा होती, आंघोळीनंतरचं ओलं अंगण होतं. तिला अडचण आली की घरातलं दुसरं कुणी ती काढायचं. मनातल्या हेतूला असा ठावठिकाणा मिळाला नाही तर तो आठवडाभरात विरतो. आणि नेम फार मोठा धरला तर त्याचंच उद्दिष्ट होऊन बसतं; मग वही येते, तक्ता येतो, आणि आजचा दिवस नुसता उद्याची तयारी उरतो.

बाबा गेल्यावर मी पुन्हा चातुर्मास धरू लागले. कांदा सोडत नाही. जेवताना फोन दुसऱ्या खोलीत आणि शेजारच्या पानावरच्या माणसाकडे पूर्ण लक्ष, एवढाच माझा नेम. २०२३ साली अधिक श्रावण आला आणि चातुर्मास पाच महिन्यांचा झाला. "आई, तुझी डेडलाइन पुढे गेली," मुलगी म्हणाली. मला तर महिनाभर जास्त मिळाल्याचाच आनंद झाला होता.

उद्यापनाचा प्रश्न राहतो. जुन्या रीतीत प्रत्येक नेमाला साजेसं दान सांगितलेलं आहे. मुक्यानं जेवणाऱ्यानं घंटा द्यायची. ज्यानं हे सुचवलं त्याला नेमाचं मर्म कळलं होतं, असं मला मनापासून वाटतं. फोनच्या नेमाला असं दान सांगून ठेवलेलं नाही, म्हणून मी कार्तिकी द्वादशीला आमच्या इमारतीत एकट्या राहणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींना जेवायला बोलावते. त्यातल्या एका आजींनी विचारलं, "एरवी आलं तर चालत नाही का गं?" आता त्या दर रविवारी येतात. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे जेवताना आम्ही सगळेच मोठ्यानं बोलतो.