तेकापोचे जागरण

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर तेकापो नावाचे निळेशार सरोवर आहे. काठावर १९३५ सालचे चिमुकले दगडी चर्च, मागे बर्फाचे डोंगर. प्रवासी येतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. मला ओढ होती ती शेजारच्या माउंट जॉनवरील वेधशाळेची. कँटरबरी विद्यापीठाची ही वेधशाळा १९६५ पासूनची.

जुलै महिना. आपल्याकडे मुसळधार पाऊस, तर तिथे कडाक्याचा हिवाळा! पण मान वर केली आणि थंडी विसरलो. मुंबईत या दिवसांत ढगांआड दडणारी धनू रास इथे जवळजवळ डोक्यावर होती, आकाशगंगेच्या गाभ्यासकट.

इथली १.८ मीटरची दुर्बीण जपानी व न्यूझीलंडी मंडळींची. प्रकल्पाचे नाव ‘मोआ’. इथल्या नामशेष झालेल्या बिनपंखी पक्ष्याचेही नाव तेच. शोध कशाचा? तर जे दिसत नाही त्याचा! ग्रहाहून थोर, ताऱ्याहून थिटा असा एक वर्ग आहे, तपकिरी बटूंचा. वस्तुमान गुरूच्या सुमारे १३ ते ८० पट. पोटातली हायड्रोजनची चूल मात्र नीट पेटतच नाही. त्यांचे गणित जन्माने भारतीय असलेल्या शिव कुमार यांनी १९६३ साली मांडले.

असला काळोखातला जीव सापडावा कसा? दूरच्या ताऱ्यासमोरून एखादा लहान, मंद तारा सरकला, की त्याच्या गुरुत्वाकर्षणाने मागचा प्रकाश वाकतो. पुढचा तारा जणू भिंग होतो. मागचा हळूहळू उजळतो आणि पुन्हा मंदावतो. या चढउतारात मध्येच वेगळी उसळी दिसली, तर समजावे, लहानग्याला जोडीदार आहे! २०१० साली ‘मोआ’ने वर्दी दिलेल्या अशाच एका घटनेत सूर्याच्या सुमारे एकषष्ठांश वस्तुमानाचा तारा आढळला, नऊ हजार प्रकाशवर्षे दूर. जोडीदार गुरूच्या सुमारे ११ पट. त्याला ग्रह म्हणावे की बटू, असा पेच!

आइन्स्टाइननी १९३६ साली हे भिंगाचे गणित छापले. पण असा योग प्रत्यक्ष दिसेल अशी त्यांना फारशी आशा नव्हती.

मध्यरात्री पश्चिमेकडून ढग आले. “उद्या पुन्हा दिसेल ना?” मी विचारले. निरीक्षक हसून म्हणाला, “ती उसळी काही तासांचीच. आता ऑस्ट्रेलियाने पाहायचे, मग आफ्रिकेने, मग चिलीने.”

कपिलाषष्ठीचा योग निदान काही वर्षांनी परततो. हे दोन तारे मात्र आपल्या दृष्टीसमोर पुन्हा असे एका रेषेत येणार नाहीत. म्हणून पृथ्वीवर कोणीतरी जागे हवे.