थेटफर्डच्या माळावरचा नेम

मुलगी नोकरीनिमित्त इंग्लंडात, नॉरफोक परगण्यात असते. गेल्या उन्हाळ्यात महिनाभर तिच्याकडे राहिलो, तेव्हा तिथली शेती पाहायची हौस भागवून घेतली. सारा जन्म बांधावरून हिंडलेल्या माणसाला राजवाडे दाखवून काय उपयोग?

थेटफर्ड गावाभोवतीच्या मुलखाला ब्रेकलँड म्हणतात. जमीन रेताड आणि हलकी. पाऊसही बाकीच्या इंग्लंडपेक्षा कमी. जव, साखरेचे बीट, गाजर, बटाटा आणि आपला कांदासुद्धा तिथे पिकतो. कांद्याचे वाफे पाहून घरची आठवण आली. गावात नदीकाठी महाराजा दुलीपसिंगांचा घोड्यावरचा पुतळा आहे. पंजाबचे राज्य गेल्यावर त्यांनी १८६३ साली जवळच एल्व्हडनची जहागीर घेतली. तिकडे त्यांची ख्याती मोठे नेमबाज म्हणून होती.

या माळावर ससे फार जुने. आपला ससा गवतात दबून बसतो, बीळ करीत नाही. हा मात्र बिळातला. नॉर्मन लोकांनी मांसासाठी आणि कातड्यासाठी त्याला इंग्लंडात आणून पाळले. सन १४०० च्या सुमारास मठाच्या महंताने ससे राखणाऱ्यासाठी बांधलेली गढी थेटफर्डजवळ अजून उभी आहे. पुढे हे पाळीव धनच पिकावर उठले. १९५३ साली आलेल्या रोगाने ससे पटापट मेले. उरले ते पुन्हा वाढले. १९५४ च्या कायद्याने आपल्या जमिनीवरचे ससे आवरणे शेतकऱ्याच्याच गळ्यात घातले.

मुलीच्या ओळखीचे एक वृद्ध शेतकरी तिथे जव करतात. त्यांच्या शेताची बिळांच्या बाजूची कड दोन-तीन वावभर अगदी भुंडी झाली होती. बंदोबस्ताला त्यांच्याकडे छर्‍याची बंदूक, स्प्रिंगची. म्हणाले, "संध्याकाळी या, दाखवतो." मला वाटले, आज शिकार. पण त्यांनी गोठ्यामागे पुठ्ठा टांगला आणि तीस पावलांवर बसून त्यावर पाच छर्रे मारले. पाचही एका नाण्याखाली झाकले जातील इतके जवळ पडेपर्यंत शेतात जायचे नाही, हा त्यांचा नेम. चार संध्याकाळी आम्ही पुठ्ठ्यावरच घालवल्या.

मलाही त्यांनी बंदूक दिली. मी ती जीव खाऊन आवळली, आणि छर्रे पुठ्ठाभर विखुरले. म्हातारबुवा हसले. स्प्रिंग सुटली की बंदूक आधी मागे आणि मग पुढे हिसका देते, आणि छर्रा तेव्हा नळीतच असतो. तिला आवळली की दर वेळी हिसका वेगळा. म्हणून तळहातावर नुसती टेकवायची, लहान पोराचे डोके धरावे तशी. कठीण कठड्यावर तर कधीच ठेवायची नाही, ती उसळते. चाप ओढल्यावरही छर्रा लागल्याचा आवाज येईपर्यंत डोळा हलवायचा नाही. छर्रे एकाच डब्यातले, आणि चेपलेला असेल तो टाकून द्यायचा.

अंतराचे त्यांचे प्रात्यक्षिक मला फार आवडले. आपण पेरणीला दोर लावतो तशा त्यांनी बांधापासून वीस, तीस, चाळीस पावलांवर काठ्या रोवल्या होत्या. छर्रा हलका. लांब गेला की खाली बसतो आणि वाऱ्याने बाजूला सरतो. तीसवर दुर्बीण जुळवलेली असेल तर चाळीसवर छर्रा खाली लागणार. माथ्यावर लागला तर ससा जागच्या जागी संपतो. दोन बोटे चुकला तर जिवंत बिळात शिरतो आणि दिवसचे दिवस कुढत मरतो.

हे ऐकताना मला आमच्या मळ्यातली बोर आठवली. बारा वर्षांचा असताना मामांची बंदूक घेऊन पन्नास पावलांवरून एक होला पाडला होता. पंख मोडलेला तो पक्षी ओढ्यापर्यंत फडफडत गेला. शोधला, सापडला नाही. आजीने त्या रात्री मला ताट वाढले, पण एक शब्द बोलली नाही. आता आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंदच आहे आणि ते बरेच झाले. रानडुकराने उद्ध्वस्त केलेला मका पाहिलेल्या माणसाला मी हे तोंडावर सांगू शकत नाही, तो भाग वेगळा.

गंमत अशी, की अलीकडे आणखी एका रोगाने तिकडचे ससे पुन्हा घटले आहेत. माळावरच्या काही दुर्मिळ वनस्पती सशांनी गवत खुरटे ठेवले तरच जगतात. म्हणून काही माळांवर ससे टिकावेत म्हणून लोक खटपट करतात!

पाचव्या संध्याकाळी आम्ही बांधाआड पालथे पडलो. उन्हे कलताच ससे निघाले. एक धष्टपुष्ट ससा तिसच्या काठीपुढे दहा पावलांवर चरत बसला. म्हातारबुवांनी गाल दस्त्याला लावला. तेवढ्यात जवाच्या लोंब्या एका बाजूला झुकल्या. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग बंदूक बाजूला ठेवली आणि थर्मासमधला चहा ओतून अर्धा मला दिला. ससे अंधार पडेपर्यंत जव खात होते. मी सात मोजले.