कुलाब्याचें अफगाण चर्च

कोणतीही थोर इमारत दोन प्रकारें पाहतां येते. ती कशी उभी राहिली हें समजून घेणें हा एक प्रकार. ती कोणासाठीं उभी राहिली हें आठवणें हा दुसरा. मुंबईस कुलाब्याच्या दक्षिण भागांत संत योहानाच्या नांवें जें मंदिर आहे, व ज्यास लोक अफगाण चर्च म्हणतात, तें पाहतांना मला या दोन्ही दृष्टि एकाच वेळीं ठेवाव्या लागतात. आणि त्या एकमेकींशीं सहजासहजीं जुळत नाहींत.

प्रथम रचनेविषयीं. या मंदिराची कोनशिला १८४७ सालीं बसली व १८५८ सालीं त्याचा प्रतिष्ठाविधि झाला. मनोऱ्यावरील निमुळतें शिखर मात्र १८६५ सालीं पुरें झालें. त्याची उंची सुमारें २०० फूट असून एके काळीं समुद्रावरून येणाऱ्या गलबतांस तें दुरून दिसे. विलायतेहून आलेला आराखडा फार खर्चाचा ठरल्यामुळें बाजूस ठेवण्यांत आला, आणि नवा आराखडा हेन्री कॉनिबेअर या इंजिनिअरानें केला. मुंबईस विहार तलावाचें पाणी आणण्याची योजनाही याच गृहस्थाची. आंतील फरशीच्या नक्षीदार लाद्यांची योजना विल्यम बटरफील्ड यांची, आणि रंगीत कांचा विल्यम वेल्स यांच्या.

इंग्लंडांत तेराव्या शतकांत ज्या धाटणीचीं देवालयें बांधलीं गेलीं, त्या गॉथिक शैलीचें हें एकोणिसाव्या शतकांतील पुनरुज्जीवन होय. टोंकदार कमान हा या शैलीचा प्राण. अर्धवर्तुळाकार कमानीची उंची तिच्या रुंदीस बांधलेली असते. टोंकदार कमान मात्र रुंदी न वाढवितां उंच नेतां येते, व तिचा दाब बाजूंस कमी पडून खालीं अधिक उतरतो. जो थोडा बाजूस जातो, तो भिंतींबाहेर बांधलेले दगडी धिरे पेलतात. म्हणूनच भिंतींत उंच, अरुंद खिडक्या निर्धास्तपणें सोडतां येतात, आणि आंत रंगीत उजेड उतरतो.

आतां दुसरी दृष्टि. १८३८ ते १८४२ पर्यंतच्या पहिल्या अफगाण युद्धांत व सिंधच्या मोहिमेंत मेलेल्यांचें हें स्मारक आहे. त्या युद्धांत माणसांची केवढी हानि झाली, याची कल्पना एकाच प्रसंगावरून येईल. जानेवारी १८४२ मध्यें काबूलहून सुमारें ४,५०० फौज माघारी निघाली. तींत गोरे थोडे व हिंदी शिपाई पुष्कळ होते. शिवाय बरोबर सुमारें १२,००० बाजारबुणगे व बायकामुलें होतीं. बर्फांत आणि खिंडींत त्यांतील बहुतेक नाहींसे झाले.

मंदिरांतील स्मृतिलेखांत अधिकाऱ्यांचीं नांवें आहेत. बाकीचे शिपाई इतके होते कीं सर्वांचीं नांवें नोंदणें शक्य झालें नाहीं, असा त्या लेखाचा आशय आहे. या वाक्यापाशीं माझें मन अडखळतें. संख्या मोठी, म्हणून नांव नाहीं! ज्या घरांतून एकच मुलगा गेला, त्या घरच्या आईस ही गणना कशी पटावी?

कोणी म्हणेल, मग अशा इमारतीचें कौतुक तरी कशास? मला तसें वाटत नाहीं. ज्या पाथरवटांनीं हे दगड घडविले, ज्या सुतारांनीं लांकूड तासलें, त्यांचींही नांवें आपणांस ठाऊक नाहींत. परंतु त्यांचें काम आपल्या डोळ्यांपुढें आहे. तें पाहावयाचें नाकारलें, तर त्यांचा दुसऱ्यांदा विसर पडेल.

आंत बसणाऱ्यास कमान दिसते, धिरा दिसत नाहीं. तो ऊनपाऊस सोशीत बाहेर उभा असतो. वाचकहो, आपण हें मंदिर पाहावयास गेलांत, तर आंत शिरण्यापूर्वीं एकदां बाहेरून त्याच्या भोंवतीं फिरून या. आणि आंत गेल्यावर लिहिलेलीं नांवें वाचून झालीं, कीं न लिहिलेल्यांसाठींही क्षणभर उभे राहा.